गिटारीला जात नव्हती

"खाली ठेव," दुकानदार म्हणाला. "गादीवर नको. खाली. फरशीवर."

मी गिटार फरशीवर ठेवली.

"आता मागं सर."

मी मागं सरलो. तो हातानं अजून मागं, अजून मागं असं करत राहिला. अंगणातली कोंबडी हुसकावतात तसं. मी उंबरा ओलांडून पायरीवर आलो तेव्हा त्याचा हात थांबला. पायरीवर माझी बायको उभी होती, ठकू. तिनं सगळं पाहिलं होतं. आणि आत गादीवर मांडी घालून तिचा सख्खा भाऊ बसला होता.

दुकानदारानं त्याला विचारलं, "मास्तर, हा कोन तुमचा?"

तो म्हणाला, "गडी आहे. बोर्डिंगात झाडायला असतो."

जर्मनची दुसरी लढाई चालू होती तेव्हाची ही गोष्ट. नगरातली, कॅम्पाच्या बाजूची. तेव्हा मी विशीतला होतो. आता तोंडात दात नाहीत आणि घरात ठकू नाही. यंदाच गेली. ती होती तोवर मी हे कुणाला सांगितलं नाही, कारण तिनं सांगू दिलं नाही. "भाऊ हाय माजा," एवढंच म्हणायची. आता अडवणारं कोणी नाही.

मी मांगाचा. हे आधीच सांगून ठेवतो, पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. गाव नेवाशाकडचं, प्रवरेच्या काठाला. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, पूर आला की पहिलं पाणी जिथं शिरतं तिथं. केकताड, म्हणजे घायपात, पाण्यात कुजवायचं, झोडायचं, त्याच्या वाखाचे दोर वळायचे, आणि गावात लग्न निघालं की हलगी-सनई घेऊन जायचं. याला काम म्हणायचं. पण ज्याला नाही म्हणता येत नाही त्याला काम म्हणत नाहीत, हे मला लई उशिरा कळलं.

आमच्या गावात वरातीची एक रीत होती. वाजवणाऱ्यानं नवरदेवाला पाठ दाखवायची नाही. घोड्याच्या पुढं, पण तोंड घोड्याकडं करून, उलट्या पावली चालत वाजवायचं. मारुतीपासून मांडवापर्यंत. मागं काय आहे ते दिसायचं नाही. दगड, खड्डा, शेण, काटा. जो पडेल त्याला लोक हसायचे. ती वरातीतली एक गंमतच होती. आमची पोरं सरळ चालायला लागली की घरचे त्यांना उलटं चालायला शिकवायचे. आईच पोराचे खांदे धरून मागं मागं ढकलायची. पोरगं हसायचं. आईपण हसायची.

माझा सासरा हलगीचा पक्का माणूस. त्याच्या हातावर अख्खी वरात चालायची. एका लग्नात तो उलटा चालता चालता वाटेत सोडलेल्या गाडीच्या जुवावर आदळला आणि पडला. घोडं बुजलं. त्याचा पाय सासऱ्याच्या मनगटावर पडला. हाड मोडल्याचा आवाज हलगीच्या आवाजातसुद्धा आम्हाला ऐकू आला. नवरदेवाचा चुलता वरडला, "वाजाप बंद पडू दिऊ नका रं. येळ टळती."

आम्ही वाजवलं. सासरा धुळीत मनगट धरून बसला होता आणि आम्ही त्याला वळसा घालून वाजवत गेलो. त्याच्याकडं तोंड करून. म्हणजे तो आम्हाला लई लांबपर्यंत दिसत राहिला.

त्यानंतर वस्तीत बैठक झाली. आमच्यातली निम्मी घरं तोवर ख्रिस्ती झाली होती. मंडळीच्या वडीलधाऱ्यांत सासरा होता. त्यानं बांधलेला हात छातीशी धरून सांगितलं, "हितनं फुडं हलगी न्हाई. गाव दानं बंद करंल तर करू दे." गावानं बंद केलंच. खळ्यावरचं धान्य गेलं. आम्ही दोरावर आलो.

मग रविवारचा प्रश्न आला. उपासनेला गाणी म्हणायची ती कशावर? हलगी तर कोणाला डोळ्यापुढं नको होती. एकतारी म्हटली तर ती गोसाव्याची. संबळ गोंधळ्याचं. वीणा देवळातली, तिला हात लावायची छाती नाही. ढोलकी तमाशाची, ती म्हटली की म्हाताऱ्या बाया पदर तोंडावर घ्यायच्या. एकेक वाद्य काढायचं आणि ते कुणाचं ना कुणाचं निघायचं. सासरा वैतागला. म्हणाला, "अरं, बिनजातीचं वाजाप हाय का न्हाई दुनियात?"

मी म्हणालो, "गिटार."

मी मिशनच्या बंगल्यावर माळीकाम करायचो. तिथल्या मडमबाईकडं गिटार होती. झाडांना पाणी घालता घालता मी ऐकायचो. एक दिवस तिनं बोलावून माझ्या हातात दिली. बोटं कुठं ठेवायची ते दाखवलं. दोर वळून वळून माझ्या बोटांची कातडी जोड्याच्या तळासारखी झालेली, तारा रुतल्या नाहीत. ती म्हणाली, "गुड." मग रोज काम झालं की थोडा वेळ बसवायची. लढाई लागल्यावर साहेब-मडम त्यांच्या देशाला गेले, गिटार घेऊन. माझी बोटं तशीच राहिली.

सासऱ्यानं विचारलं, "ती कुनाची?"

"कुनाचीच न्हाई. बोटीतनं आली."

"म्हंजी हितं कुनी तिला धरून ठेवली न्हाई अजून?"

"न्हाई."

म्हातारा लई वेळ हसला. हात मोडल्यापासून पहिल्यांदा. "मंग तीच आना," म्हणाला. "लवकर आना. कुनी धरायच्या आत."

त्या हंगामात वस्ती गिटारीसाठी दोर वळत होती. ज्यांच्याकडं चूल दोन वेळा पेटत नव्हती त्यांनीसुद्धा एखादा कासरा, एखादं दावं बाजूला टाकलं. बाया म्हणायच्या, "ह्यो गिटारीचा." पोरं विचारायची, गिटार काय खाते? ठकू सांगायची, "वाख खाती." सगळा माल नेवाशाच्या बाजारात विकून पैसे जमवले. त्यात महागातली आली नसती. स्वस्तातली नको, हे मी बजावून सांगितलं होतं, कारण ती वर्षात फुटते. मधली आणायची ठरलं.

आणायला कोण? मी, कारण मला वाजवता येत होती. ठकू, कारण पैसे बायांनी तिच्या ओटीत घातले होते. आणि नगरात आमचा एकच माणूस होता. दगडू.

दगडू ठकूचा धाकटा भाऊ. आई लवकर मेली, ठकूनं त्याला काखेत वाढवला. मिशनच्या शाळेत एकाच पोराला घालायची ऐपत होती. ठकू दोराला बसली, दगडू शाळेत बसला. तो हुशार निघाला. नगरच्या बोर्डिंगात मास्तर झाला. नाव बदललं, दाविद. आडनावही लावलं, कुणाला गाव-वस्तीचा वास येऊ नये असलं. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. उलट सासरा सगळ्यांना सांगायचा, माझा दगडू कोट घालतो.

आम्ही कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं नगरला उतरलो. दगडू न्यायला आला होता. माझ्या पाया पडला नाही, पण रस्ता होता, मी मनावर घेतलं नाही. म्हणाला, "आक्का, पैसं माज्याकडं दे. हितं पाकीटमार लई." ठकूनं कनवटीचं गाठोडं सोडून त्याच्या हातात दिलं. मग कॅम्पाकडं चालताना तो म्हणाला, "दाजी, आत मी बोलतो. तुमी जास्त बोलू नका. आक्का, तू पायरीवर थांब. दुकानात बायामानसं बसत न्हाईत हितं."

ठकू म्हणाली, "बरं." भाऊ सांगतोय म्हणजे तशी रीत असंल.

दुकान सोजीर लोकांचं बाजा-पेटीचं सामान दुरुस्त करणारं. पलटणी हलल्या की सोजीर जड सामान विकून जायचे, ते इथं टांगलेलं असायचं. हिवाळ्याची सकाळ होती. गादीपुढं शेगडी पेटवलेली, तिच्यावर चहाचं पातेलं. एक कारकुनासारखा दिसणारा माणूस आधीच बसून हात शेकत होता.

"या मास्तर," दुकानदार म्हणाला. "आन् हे पावनं?"

"गावाकडचे आहेत. प्रार्थनेला गिटार पाहिजे, यांना वाजवता येते."

"मग बसा की पावनं. वर बसा, गादीवर."

मला आयुष्यात कोणी गादीवर बसा म्हटलं नव्हतं. मी धोतर आवरून कडेला बसलो. कापूस किती मऊ असतो ते मला त्या दिवशी कळलं.

त्यानं गिटारी काढल्या. एक विलायती, काळीभोर, खुंट्या चांदीसारख्या. ती त्यानं नुसती दाखवली आणि परत टांगली. एक रंगवलेली, फुलाफुलांची. ती मी बोटानं वाजवली तर पत्र्याच्या डब्यागत वाजली. दगडू माझ्या कानाशी म्हणाला, "हीच घ्या की. वस्तीवर कुनाला कळतंय?" मी मान हलवली. तिसरी तपकिरी होती. साधी. भोकाच्या खालचं लाकूड कोणाच्या तरी नखांनी घासून पांढरं पडलेलं. कोणीतरी वर्षानुवर्षं वाजवली होती ती, शोभेला ठेवली नव्हती. मान सरळ. पोटाला कुठं चीर नाही. मी ती मांडीवर घेतली. तारा ढिल्या होत्या, आवाज बसलेला, घशात कफ अडकल्यासारखा. पण आत आवाज होता. मला ऐकू येत होता.

आणि इथं माझ्या हातानं जे करायचं ते केलं.

मडमबाई नेहमी गिटार लावून हातात द्यायची. ढिली गिटार मी कधी धरली नव्हती. पण बसलेल्या आवाजाचं काय करायचं ते माझ्या हाताला माहीत होतं. माझ्या बापाच्या हाताला माहीत होतं, त्याच्या बापाच्या. हलगी गार पडली, कातडं सैल झालं, की वाजवायच्या आधी ती जाळाशी धरायची. वाळलेला पाला पेटवायचा, त्याच्यावर फिरवायची, मधूनच बोटानं टिचकी मारून बघायची, तापली का, चढली का. माझ्यासमोर शेगडी होती. मी बोलत होतो दगडूशी, आणि माझ्या हातांनी गिटार उचलून तिचं पोट निखाऱ्याकडं केलं. गोल फिरवली. टिचकी मारली. कान लावला.

मी वर पाहिलं.

दुकानदार माझ्या हाताकडं बघत होता. म्हणाला, "हे कुठं शिकलास रे?"

अहो गेलं, जाहो गेलं. पावनं गेलं.

कारकून हसायला लागला. "शेकू द्या की शेठ. चांगली कडक हुईल. मग वरातीत फुडं घ्या."

"मांगाचा का रे तू?" दुकानदार म्हणाला.

मी दगडूकडं पाहिलं. मला भीती वाटली नव्हती हे खरं सांगतो. माझ्याबरोबर माझा माणूस होता. कोट घातलेला, शिकलेला, ज्याला हे लोक मास्तर म्हणतात. मला वाटलं आता हा बोलेल. बघा, जगात काय काय बोलता येतं हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

त्यापुढचं मी आधीच सांगितलं. खाली ठेव. मागं सर. हा कोण. गडी आहे.

मग दुकानदारानं दारात उभ्या ठकूकडं बोट केलं. "आन् ही?"

दगडू म्हणाला, "त्याची बायको."

खोटं नव्हतं ते. म्हणूनच जास्त लागलं.

ठकू पायरीवरून हलली नाही. आवाज चढवला नाही. चुलीपुढून विचारावं तसं तिनं विचारलं, "दगडू, मी कोन रं तुजी?"

दगडूनं भिंतीकडं पाहिलं. भिंतीवर वाद्यं टांगली होती. त्यांच्याकडं पाहत तो म्हणाला, "बाई, इथं गोंधळ करू नका. दुकान आहे हे."

ज्या तोंडात तिनं भाकरी चावून घातली होती त्या तोंडातून 'बाई' आलं. 'करू नका' आलं. आमच्यात धाकटा भाऊ थोरल्या बहिणीला अगं-तुगं करतो. एवढा मान त्यानं तिला आयुष्यात पहिल्यांदा दिला.

"बघा मास्तर," दुकानदार म्हणाला, "शिवलेली मी आता कुनाला देऊ? गिऱ्हाईकाला खोटं सांगू का? तुमचीच झाली ती. घ्या आन् जावा."

गोऱ्या सोजिराला त्यानं ती दुसऱ्या दिवशी हसत विकली असती. ते त्यालाही माहीत होतं. पण अशा रीतीनं गिटार ठरली. मी कानानं निवडली होती तीच मिळाली, पण मी निवडली म्हणून नाही.

मग दुकानदारानं चहा गाळला. आम्ही रस्त्यावर उभे. कारकुनाला दिला, दगडूला दिला. दगडूनं तो बशीत ओतला, फुंकर घातली आणि पिला. सगळा पिला. मी त्याच्या गळ्याची गाठ वरखाली होताना पाहत होतो. त्याला एवढं तरी म्हणता आलं असतं की मला चहा चालत नाही.

गिटार गोणपाटात गुंडाळून तो बाहेर आला. आमच्या पुढून गेला. ओळख नसल्यासारखा. आम्ही मागून. कोपरा वळल्यावर, दुकान दिसेनासं झाल्यावर थांबला. तोंड एकदम बारीक झालेलं.

"दाजी, राग धरू नका. आक्का, समजून घे. बोर्डिंगात निम्मी पोरं वरच्या घरातनं बाटलेल्यांची हायत. पान्याच्या हंड्याला मी हात लावतो. भाकरीच्या टोपल्याला लावतो. कळलं तर दुसऱ्या दिवशी मला ठेवनार न्हाईत. माजं लग्न जमतंय. पोरीच्या घरच्यांना…"

त्याचं खरं होतं. मी आजही म्हणतो, त्याचं खरं होतं. येशूपुढं सगळे सारखे, हे नगरातल्या ख्रिस्ती देवळात भिंतीवर रंगवलेलं होतं आणि बाकडी वेगळी होती. त्याला एकट्याला ते बदलता आलं नसतं. पण मी त्याला जग बदलायला सांगितलं नव्हतं.

मी म्हणालो, "माघारी चल. दुकानात. तिथं जाऊन एवढंच बोल, ही माजी बहीन, ह्यो माजा दाजी. चहा नको, गादी नको. बोल आन् आपन जाऊ. मंग गिटार घेतो."

"दाजी, गिटार तर घेतलीच हाय की. हे घ्या. वस्ती वाट बघत आसंल."

त्यानं गोणपाट पुढं केलं. मी हात मागं घेतले.

"दाजी, येडेपना करू नका."

वस्तीचा अख्खा हंगाम त्या गोणपाटात होता. बायांची सोललेली बोटं होती. मला कळत होतं. घेतली असती तर रविवारी वाजली असती, कोणाला काही कळलं नसतं, सासरा हसला असता. पण ज्या हातानं मी ती घेणार होतो तो हात त्यानं गड्याचा करून टाकला होता. आणि मी गडी म्हणून घेतली असती तर मग गडीच. मग तो जे म्हणाला ते माझ्याही तोंडचं झालं असतं.

ठकू म्हणाली, "तुज्यापाशीच ठेव. बाई म्हनलास न्हवं मला? परक्या बाईला गिटार कशाला देतोस?"

ती चालायला लागली. मी तिच्या मागं. दगडू तिथंच उभा होता, गोणपाट पोटाशी धरून. हाक मारली नाही. आक्का म्हणून हाक मारायला रस्त्यात माणसं होती.

दिवस मावळायला वस्तीवर पोचलो. पोरं पळत आली, माझ्या मागं बघायला लागली, गिटार कुठं? सासरा अंगणात चटई टाकून बसला होता. कोणीतरी जोंधळ्याच्या कण्या शिजवल्या होत्या, गिटार आली की खायच्या म्हणून.

मी सांगितलं. जसं झालं तसं. शेगडीचं पण सांगितलं.

सगळ्यांनी मलाच धरलं. एक म्हातारी म्हणाली, "तुज्या मानापायी आमचं वाख गेलं." दुसरा म्हणाला, "दगडू चुकला, पन गिटार आनायची हुती की. गिटारीनं काय केलं?" म्हातारीचा मला राग आला नाही. तिनं पोरीच्या लुगड्यासाठी ठेवलेलं दावं विकून पैसे दिले होते. मी म्हणालो, "मी दोर वळून फेडतो." ती म्हणाली, "दोराचं न्हाई रे. मी ऐकनार हुते."

सासऱ्यानं फक्त विचारलं, "ठकीला बाई म्हनला?"

"व्हय."

"आन् माजं काय म्हनला?"

"तुमचं नावच न्हाई निघालं."

म्हातारा उठून आत गेला.

त्या वर्षी नाताळाच्या आधी शहरातले पाळक फिरतीवर आले. भला माणूस, त्याला काही ठाऊक नव्हतं. उपासना झाल्यावर बोलता बोलता म्हणाले, शहरातल्या मंडळीत यंदा गिटारीवर गाणी बसवलीत. आमच्या दाविद मास्तरांनी गिटार भेट दिली. स्वतःच्या पगारातून. त्यांचा सत्कार झाला. तुम्हीही असं काही देण्याचं मन ठेवा.

ठकू माझ्या शेजारी जमिनीवर बसली होती. मी उठणार होतो. तिनं माझ्या धोतराचा सोगा धरून ठेवला. मी जोर केला असता तर सुटलो असतो. नाही केला. सासरा पुढं बसला होता. त्यानं मोडका हात वर केला, पाळकाला वाटलं आशीर्वाद मागतोय. म्हातारा म्हणाला, "लई चांगला मानूस दिसतोय तुमचा मास्तर. कुनाचा हाय?"

पाळक म्हणाले, "कल्पना नाही. पोरका असावा. आईबापाचं कधी बोलत नाहीत."

सासरा मान हलवत राहिला.

तिथं मला कळलं. दुकानदार परका होता, त्यानं मला पायरीवर घातलं, त्याला मी शिव्या देऊन मोकळा होऊ शकत होतो. पण दगडूनं आमचं चोरलं ते वेगळंच होतं. आमचा घाम त्यानं स्वतःचं नाव म्हणून लावला आणि आमचं नाव घाम पुसावा तसं पुसून टाकलं. त्याला शिकवून आम्ही त्याला वर चढवला नव्हता. आम्ही त्याला आमच्यापासून पळायला वाट करून दिली होती, आणि वाटेचा दगड न् दगड ठकूनं डोक्यावर वाहिला होता.

पुढच्या लगीनसराईत गावाचा माणूस वस्तीत आला. पाटलाच्या घरचं लग्न. त्या दुकानदारासारखंच अंतर राखून उभा राहिला, लांब. "काय रं, तुमची ती बोटीतली कुठं हाय? समिंदरातनं पवत आली का? न्हाई ना? मंग उचला हलग्या."

काही घरं गेली. त्यांच्या पोटात काही नव्हतं, मी त्यांना बोलणार नाही. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "मी वाजीवनार न्हाई."

"का? हात मोडला?"

"न्हाई. वाजीवतो की. सरळ चालू देता का? पाठ करून? तुमच्या नवरदेवाला माजी पाठ चालती का इचारून या."

तो विचारायला गेला नाही. त्या दिवसानंतर आमच्या घराला गावातली वाट बंद झाली आणि आम्ही लांबून पाणी आणलं. मी खडी फोडायला गेलो. ठकू माझ्याबरोबर खडी फोडायला आली. पोरं वाढवली. त्यांना मी उलटं चालायला शिकवलं नाही, एवढं मी केलं.

दगडूनं पुढं कधी घरी पाऊल टाकलं नाही. सासरा मेला तेव्हा निरोप धाडला, आला नाही. तो स्वतः गेला तेव्हा ठकूला दुसऱ्याकडून कळलं. ती दिवसभर जेवली नाही. मी म्हणालो, कशाला रडतेस. ती म्हणाली, "त्यानं मला सोडलं आसंल. म्या त्याला सोडलं न्हवतं."  

आता ठकू गेली. माती झाली. नंतर एक मोटार दारात थांबली. साठीतला माणूस उतरला, चांगल्या कपड्यातला. दगडूचं तोंड. मी लगेच ओळखलं. आत्याच्या नवऱ्याला आमच्यात मामा म्हणतात. तो खाली वाकला आणि म्हणाला, "आजोबा, ऐकलं, वाईट झालं."

रस्त्यातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला म्हणावं तसं आजोबा.

मी पाणी दिलं. पिला. मग म्हणाला, "शहरातल्या चर्चमध्ये तुम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना ठेवलीय असं कळलं. चांगलं आहे. थडग्याच्या दगडाचा सगळा खर्च मी करतो. फक्त एक विनंती. माझ्या नातीचं लग्न ठरतंय. मोठं घर आहे. प्रार्थनेत आणि दगडावर त्यांच्या माहेरचं काही नको. जुनं कशाला काढायचं? आता जात कोण विचारतं?"

मी म्हणालो, "कोन इचारत न्हाई तर तू का घाबरतोस?"

तो त्याच्या बापासारखा भिंतीकडं पाहायला लागला. माझ्या भिंतीवर काही टांगलेलं नाही, ठकूचा फोटो पण नाही. काढलाच नव्हता कधी.

"आजोबा, वडील गेलेत. त्यांना तरी मोकळं करा."

"मामा म्हन," मी म्हणालो. "मंग पुढं बोलू."

त्यानं म्हटलं नाही. घोटभर पाणी उरलं होतं ते ठेवून उठला.

रविवारी मी शहरातल्या त्या देवळात जाणार आहे. माझा मुलगा म्हणतो, बाबा, नको, तिथं सगळी ओळखीची माणसं असतात. असू देत. मला लिहिता फारसं येत नाही, म्हणून हे सगळं मी पोराच्या पोराकडून लिहून घेतलं आणि परत परत वाचून घेतलं, म्हणजे तिथं अडखळायला नको. मी पुढं उभा राहीन. भाषण नाही करणार. मी सांगीन की जी गेली तिचं नाव ठकू. ती मांगाची. बाप हलगी वाजवायचा, ती दोर वळायची. त्या दोरावर एक भाऊ शिकला, तो इथं दाविद मास्तर म्हणून ओळखला जायचा, त्याचं नाव दगडू, तो तिचा सख्खा भाऊ. त्याची लेकरं, नातवंडं या बाकड्यांवर बसली आहेत. ती माझी भाचरं आहेत.

कोणाचं लग्न मोडलं तर मोडू दे. जे घर एवढ्यानं मोडतं त्यात पोरगी जाऊन काय करणार होती? कोणी उठून बाहेर गेलं तर जाऊ दे. मी बोलणं थांबवणार नाही. ठकू धोतर धरायला नाही आता.